मशीन चांगलं आहे ताई, उजव्या हाताला लावा : गावोगावच्या फॅमिली डॉक्टरांना खुले पत्र

आदरणीय डॉक्टर,

स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात सर्दीखोकल्याचं निमित्त होऊन तुमच्यापैकीच एकांच्या दवाखान्यात गेले होते. माझे नेहमीचे डॉक्टर परगावी होते, म्हणून हा नवा दवाखाना. सिस्टरनी डाव्या दंडाला पट्टा बांधून बटण दाबलं. मशीन घुरघुरलं, पट्टा फुगला, सुटला आणि पडद्यावर ‘एरर’ आलं. पुन्हा तेच. तिने सेल काढून चोळून परत घातले, मग ड्रॉवरमधून नवे सेल आणले. तिसऱ्या वेळी मीच म्हटलं, ‘मशीन चांगलं आहे ताई, बिघाड हातात आहे. उजव्या हाताला लावा.’ उजवीकडे १६४ वर ९६ आलं. ती बघतच राहिली. मग तिने माझं डावं मनगट धरलं, बोटं इकडेतिकडे सरकवत बराच वेळ चाचपडली आणि हळूच म्हणाली, ‘मॅडम, तुमची नाडीच लागत नाहीये हो.’

लागणार नाहीच. अकरा वर्षं झाली.

सांगली जिल्ह्यात एका तालुक्याच्या गावी मी हायस्कूलला गणित शिकवते. वय ३८. सत्ताविसाव्या वर्षी मला टाकायासू आर्टरायटिसचं निदान झालं. तुम्ही हे नाव कॉलेजात वाचलं असेल, परीक्षेत दोन मार्कांना आलं असेल आणि त्यानंतर अशी पेशंट कदाचित एखादीच पाहिली असेल. त्यात तुमचा दोष नाही, आजारच दुर्मीळ आहे. पण जी एखादी येते ती महिन्या-दोन महिन्यांनी तुमच्याच बाकावर येऊन बसते, मोठ्या डॉक्टरांकडे नाही. म्हणून हे पत्र तुम्हाला.

तुमच्यासोबत पेशंट आणि त्यांचे घरचेही हे वाचतील, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. हृदयातून निघणारी महाधमनी आणि तिच्या मोठ्या फांद्या यांच्या भिंतींना आतून सूज येते. शरीराची संरक्षण यंत्रणा आपल्याच रक्तवाहिन्यांवर उलटते. भिंत जाड होत जाते, आतली वाट अरुंद होते, कधी पार बुजते. क्वचित उलटं होऊन भिंत फुग्यासारखी फुगते. पेशंट बहुतेक बायका, त्याही चाळिशीच्या आतल्या. १९०८ साली जपानमध्ये मिकितो टाकायासू या डोळ्यांच्या डॉक्टरांनी २१ वर्षांच्या एका बाईच्या दृष्टिपटलावर रक्तवाहिन्यांची विचित्र गुंफण पाहिली आणि ती नेत्रतज्ज्ञांच्या सभेत मांडली. त्याच सभेत इतर दोघांनी सांगितलं, की आम्हीही असे डोळे पाहिलेत आणि त्या पेशंटच्या मनगटाला नाडी लागत नव्हती. ही गोष्ट मला फार आवडते. डोळे तपासणाऱ्यांनी मनगटही धरून पाहिलं होतं.

जपानमध्ये हा आजार जास्त करून मानेकडे आणि हातांकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या धरतो. आपल्याकडे पोटातली महाधमनी आणि किडनीकडे जाणाऱ्या धमन्या सापडण्याचं प्रमाण मोठं आहे. त्यामुळे आपली पेशंट ‘नाडी लागत नाही’ असं सांगत येत नाही. तरुण पोर डोकं दुखतंय म्हणून येते आणि बीपी दोनशेच्या घरात असतं.

निदान उशिरा होतं, यावर पुष्कळ लिहिता येईल. मला टीबीची औषधं सुरू व्हायच्या बेतात होती, तो किस्सा सोडून देते. मला बोलायचंय ते निदान होऊन उपचार सुरू झाल्यानंतरच्या काळाबद्दल, जेव्हा सगळे सुटकेचा श्वास सोडतात.

पुण्याचे माझे रुमॅटॉलॉजिस्ट मला सहा महिन्यांतून एकदा भेटतात, वीस मिनिटं. (गावात मी ‘संधिवाताच्या डॉक्टरांकडे’ जाते म्हटलं की लोक माझ्या गुडघ्यांकडे बघतात.) उरलेले एकशे ऐंशी दिवस मी तुमच्या हवाली असते आणि आजार पुढे सरकतो तो याच दिवसांत.

तो सरकतो, ही भीती माझ्या मनाची नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतल्या डॉक्टरांनी १९९४ साली ६० पेशंटांचा अनुभव छापला होता. स्टिरॉइड आणि जोडीची औषधं देऊनही साधारण एक चतुर्थांश पेशंटांचा आजार कधी शमलाच नाही. ज्यांचा शमला, त्यांतल्या सुमारे निम्म्यांचा पुढे उलटला. तेव्हापासून औषधं सुधारलीत, पण ‘कोर्स पूर्ण झाला, आता बरी झालीस’ हे वाक्य या आजारात आजही लागू पडत नाही.

मला स्वतःला ते वाक्य काही वर्षांपूर्वी ऐकायला मिळालं. स्टिरॉइड ५ मिलिग्रॅमवर आलं होतं, ईएसआर (अंगातली सूज दाखवणारी रक्ततपासणी) १८. रिपोर्ट बघून एक डॉक्टर म्हणाले, ‘झकास! आता कशाला पुण्याला पळतेस?’ मलाही तेच ऐकायचं होतं. जानेवारीत भावाचं लग्न होतं, स्टिरॉइडने सुजलेलं तोंड फोटोत नको होतं. मी ५ चं शून्य केलं, कुणाला न विचारता. वर्गात पोरांना सांगते की पायरी गाळली की मार्क जातात, आणि स्वतः मात्र सगळ्याच पायऱ्या गाळल्या. डॉक्टरांची चूक म्हणाल तर पाव हिस्सा, बाकी माझी.

फेब्रुवारीत मानेची डावी बाजू दुखायला लागली. कानाच्या खालपासून गळपट्टीच्या हाडापर्यंत एक रेघ ओढल्यासारखी, बोटाने दाबली की जास्त. मान अवघडली असेल, उशी बदला, मलम चोळा, पेपर तपासताना वाकून बसू नका. चार महिने हेच चाललं होतं. मध्ये एकदा ईएसआर पुन्हा केला, २२ आला. बाईमाणसाला २२ म्हणजे काहीच नाही. जूनमध्ये खडू उचलून फळ्याच्या वरच्या ओळीत लिहिताना डोळ्यांपुढे अंधार आला आणि पाचवीच्या मुलांनी मला खुर्चीवर बसवलं. एमआर अँजिओग्राफीत, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या एमआरआयमध्ये, दिसलं, की मेंदूकडे जाणाऱ्या डाव्या धमनीची भिंत नव्याने सुजली होती आणि वाट निम्मी झाली होती. ती वाट पुन्हा पहिल्यासारखी झाली नाही. सुंभ जळला तरी पीळ राहतो म्हणतात, तसं सूज गेली तरी अरुंदपणा मागे उरतो.

मानेतलं ते दुखणं साधं नव्हतं, हे मला मागाहून कळलं. २०१७ मध्ये फ्रान्समधल्या ३१८ पेशंटांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. आजार उलटण्याशी तीन गोष्टी जोडलेल्या निघाल्या : पेशंट पुरुष असणं, सीआरपी (सूज दाखवणारी दुसरी रक्ततपासणी) वाढलेला असणं आणि मानेतल्या धमनीचं दुखणं. म्हणजे तिसरी खूण मी चार महिने उशीखाली दाबून ठेवली होती. आणि पहिली वाचताना जाणवलं, की ‘हा बायकांचा आजार’ म्हणून ज्या थोड्या पुरुषांकडे दुर्लक्ष होतं त्यांच्यावर तर जास्तच नजर हवी.

ईएसआर आणि सीआरपी वाढलेले असतील तर त्यांचं जरूर ऐका. पण ते नॉर्मल आहेत एवढ्यावरून पेशंटला पास करू नका. रक्त गप्प असतानाही भिंतीत सूज चालू असू शकते. वरकरणी आजार शांत आहे म्हणून बायपास केला आणि ऑपरेशनच्या वेळी काढलेल्या तुकड्यात सूज जिवंत सापडली, असं अनेकदा घडलेलं आहे.

यात आणखी एक फसगत आहे. आजार उलटल्यानंतर काही महिने मला टॉसिलिझुमॅबची इंजेक्शनं होती. आयएल-सिक्स नावाचं रसायन लिव्हरला निरोप देतं तेव्हा लिव्हर सीआरपी बनवतं, आणि हे इंजेक्शन नेमकं त्या निरोप्यालाच अडवतं. मग आत काहीही चाललेलं असो, सीआरपी तळालाच दिसतो. त्या काळात माझे रिपोर्ट इतके सुंदर यायचे की लॅबवाला अभिनंदन करायचा. हे फक्त या आजारापुरतं नाही. अशा पेशंटला न्यूमोनिया झाला तरी सीआरपी वर जाईलच असं नाही, तापही जेमतेम येतो. ‘इन्फेक्शन दिसत नाही’ म्हणून घरी पाठवण्याआधी ती कोणतं इंजेक्शन घेते, एवढं विचारा.

मग भरवसा कशावर ठेवायचा? तर तुमच्या बोटांवर आणि स्टेथोस्कोपवर. हे गोड बोलायचं म्हणून म्हणत नाही. भारतातल्याच रुमॅटॉलॉजिस्टांनी या आजारासाठी एक गुणांकन बनवलं, आयटास २०१०. त्यात ४४ गोष्टी आहेत आणि बहुतेक सगळ्या विचारून, चाचपून, ऐकून कळणाऱ्या. गेल्या ३ महिन्यांत नवं काय झालं किंवा काय वाढलं, एवढंच तो तक्ता विचारतो. एखादी नाडी नव्याने गेली का? मानेवर, गळपट्टीच्या हाडावर, पोटावर स्टेथोस्कोप ठेवला तर फुसफुस ऐकू येते का? दोरीवर कपडे वाळत घालताना हात भरून येतो का? वेणी घालताना मध्येच हात खाली घ्यावा लागतो का? चालताना पोटऱ्यांत गोळे येतात का? हे शेवटचे तीन प्रश्न तुम्ही मराठीत विचारलेत तर पेशंट पटकन हो म्हणेल. ‘क्लॉडिकेशन होतं का’ असं, म्हणजे हेच सगळं इंग्रजीत, मला एका शिकाऊ डॉक्टरने विचारलं होतं, मी नाही म्हणून मोकळी झाले.

आता बीपी. माझी सगळ्यात मोठी विनवणी हीच आहे.

माझ्या डाव्या हाताला मशीनच चालत नाही, म्हणून माझी फसवणूक होत नाही. खरा धोका आहे तो ज्यांचा हात अर्धवट चालतो त्यांना. खांद्याखालून हाताकडे जाणारी धमनी अरुंद असेल तर त्या हाताला ११० वर ७० येईल. सगळे खूष. आणि त्याच वेळी आत महाधमनीत, हृदयावर, मेंदूवर १९० चा दाब बसत असेल. किडनीची धमनी अरुंद झाली की किडनीला वाटतं शरीरातलं रक्तच कमी झालं, आणि ती दाब वाढवत सुटते. तो वाढलेला दाब मोजणारा हात मात्र खोटं बोलतो. तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेने १९८९ मध्ये ८८ पेशंटांच्या वाटचालीबद्दल लिहिलं. पुढे ज्यांचं बिनसलं त्यांच्यात तीव्र बीपी आणि हृदयापर्यंत पोचलेला आजार या दोन गोष्टी ठळक होत्या. बीपी तर गोळ्यांनी आटोक्यात येतं. पण आधी ते खरं किती आहे, ते कळायला हवं.

म्हणून पहिल्या भेटीत दोन्ही दंडांना आणि दोन्ही मांड्यांना मोजा. एकदा नीट मोजून केसपेपरवर मोठ्या अक्षरांत लिहा : ‘बीपी फक्त उजव्या हाताला’, किंवा दोन्ही हात गेले असतील तर ‘बीपी फक्त मांडीला’. पोटातली महाधमनी अरुंद असेल तर मांडीही खोटं बोलते, मग अँजिओग्राफीचा रिपोर्ट बघून ठरवावं लागतं. मांडीचा रुंद पट्टा फार महाग नसतो, पण आमच्या तालुक्यात मला तो एकाही दवाखान्यात दिसला नाही. दंडाचाच पट्टा मांडीला ओढूनताणून बांधला तर आकडा भलताच येतो, हे तुम्हाला मी सांगायला नको.

बीपी वाढलेलं दिसलं की रॅमिप्रिल, टेल्मिसार्टन हातासरशी लिहिली जातात. दोन्ही किडन्यांच्या धमन्या अरुंद असतील तर त्याच गोळ्यांनी किडनीचं काम खाली येऊ शकतं. त्या धमन्यांचा जुना रिपोर्ट बघा, आणि सुरू केलीच तर एक-दोन आठवड्यांत क्रिएटिनिन ही किडनीची रक्ततपासणी करा.

स्टेंटचं सांगते, थोडं कडू आहे. निदान झालं तेव्हा माझी डावी किडनीची धमनी फार अरुंद होती. स्टिरॉइड सुरू होऊन दोन आठवडेही झाले नव्हते आणि एका मोठ्या शहरातल्या रुग्णालयात स्टेंट बसला. खर्च योजनेतून झाला, आम्ही पेढे वाटले. नऊ महिन्यांत ती जागा पुन्हा आवळली. पुढे कळलं, की भिंतीत सूज धगधगत असताना तिथे फुगा फुगवला किंवा स्टेंट घातला तर ती जागा पुन्हा बुजण्याचा धोका वाढतो. युरोपातल्या तज्ज्ञांच्या २०१८ च्या शिफारशींतही आहे, की तातडी नसेल तर असं काम आजार स्थिर शांत झाल्यावर करावं. माझ्या वेळी तातडी होती का? बीपी २१० होतं, तेव्हा कदाचित असेलही. मी त्या डॉक्टरांना दोष देऊ शकत नाही आणि माफही पूर्ण करू शकत नाही. पण अँजिओचा रिपोर्ट घेऊन पेशंट आधी तुमच्याकडे सल्ल्याला येते. ‘टाकून घ्या, योजनेत बसतंय’ म्हणण्याऐवजी ‘रुमॅटॉलॉजिस्टना विचारलं का? आजार शांत आहे का?’ एवढं तुमच्या तोंडून गेलं तरी पुष्कळ.

योजनेत स्टेंट बसला. रोजच्या गोळ्या, दर काही महिन्यांचं रक्त, वर्षाचा एमआरआय हे मात्र आमच्या पदरचं. त्यात पगारदार म्हणून मी निभावते. द्राक्षबागेत मजुरीला जाणारी बाई काय करेल? ती एमआरआय ‘दिवाळीनंतर बघू’ म्हणते, आणि मायकोफेनोलेट या जोडीच्या औषधाच्या दोन गोळ्यांची एक करते. स्टिरॉइड स्वस्त, म्हणून ते चालू राहतं आणि जोडीचं औषध सुटतं. वास्तविक जोडीचं औषध असतंच यासाठी, की स्टिरॉइड कमी करता यावं आणि कमी करताना आजार उसळू नये. अशी कुणी गोळ्या अर्ध्या करत असेल तर रागावू नका. ती पुन्हा यायची बंद होईल. अझाथायोप्रिन किंवा मेथोट्रेक्सेटसारखं स्वस्त औषध चालेल का, हे फोन करून वरच्या डॉक्टरांना विचारा. तुम्ही विचारलंत तर ते फोन उचलतात, आमचा उचलत नाहीत.

अभ्यासांत न सापडणारं एक कारण मी डोळ्यांनी पाहिलंय. पुण्याच्या ओपीडीत माझ्याशेजारी बसणारी एक मुलगी होती. लग्न ठरलं तेव्हा घरच्यांनी आजार लपवला. मुलगी सासरी गेली, फाइल माहेरच्या ट्रंकेत राहिली. सासरी गोळ्या कशा घ्यायच्या? ती ‘केस गळतात म्हणून’ सांगून थोडे दिवस घेत राहिली, मग बंद. दीड वर्षाने भेटली तेव्हा दुसऱ्या हाताची नाडीही गेली होती आणि तिसरा महिना चालू होता. मेथोट्रेक्सेट आणि मायकोफेनोलेट गर्भाला घातक, ती आधीच थांबवून बदलावी लागतात. पण बदलणं वेगळं आणि सगळंच सोडून देणं वेगळं. या आजारात बाळंतपणं नीट होतात, आजार शांत असताना ठरवून आणि बीपी खऱ्या हाताला मोजत राहिलं तर. नवी सून ‘डोकं दुखतंय’ म्हणून एकटीच तुमच्याकडे आली तर सासूला बाहेर बसवून एकदा विचारा, ‘माहेरी काही औषध चालू होतं का गं?’

बाकी बारीकसारीक. मशेरी लावता का, हे बायकांना कुणी विचारत नाही आणि त्या सांगत नाहीत. आधीच अरुंद झालेल्या रक्तवाहिन्यांवर तंबाखू आणि कोलेस्टेरॉल म्हणजे दुष्काळात तेरावा महिना. स्टिरॉइडवाली पेशंट उलट्याजुलाबांनी आली तर तिच्या पोटात गोळी टिकत नाही हे लक्षात घ्या, नुसतं सलाइन पुरत नाही. आणि सर्दीच्या तयार गोळ्या. माझं ते १६४ मेडिकलमधून घेतलेल्या, नाक मोकळं करणाऱ्या गोळ्यांनी चढलं होतं. तिसऱ्या दिवशी १३४ वर आलं.

त्या नव्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मला पाऊण तास दिला. बाहेर रांग होती. त्यांनी स्पष्ट सांगितलं, की अशी केस मी पहिल्यांदाच बघतोय. मग माझी फाइल चाळली, गळ्यावर दोन्ही बाजूंनी स्टेथोस्कोप ठेवला, पोटावर ठेवला, आणि सिस्टरला आत बोलावून डावीकडची फुसफुस तिलाही ऐकवली. तिने कान लावला आणि डोळे मोठे केले. केसपेपरच्या कोपऱ्यात त्यांनी लाल शाईने लिहिलं, ‘उजवा हात.’ मांडीचा पट्टा नव्हता.

परवा सोमवारी शाळा सुटल्यावर दाखवायला बोलावलंय. पट्टा मी मिरजेहून आणलाय, तो घेऊन जाणार आहे. चालला तर त्यांच्याकडेच ठेवीन म्हणते. मला तो महिन्यातून एकदाच लागतो.

कळावे,

आपली,
एक जुनी पेशंट